घर तापू नये म्हणून

होळी आठ-दहा दिवसांवर आली की जालना रोडच्या कडेला कूलरवाले येऊन बसतात. पत्र्याचे रिकामे डबे एकावर एक रचलेले, शेजारी गवताच्या गाद्या, आणि एखाद्याकडे वाळ्याच्या जुड्या. गिऱ्हाइकाला वास यावा म्हणून तो त्या जुड्यांवर अधूनमधून पाणी मारत असतो. माझी रिक्षा तिथं सिग्नलला थांबली की मी पदर नाकाला लावते. रिक्षावाल्याला वाटतं, बाईंना धुराचा त्रास आहे. वाटू दे.

ओल्या वाळ्याचा वास सगळ्या जगाला आवडतो. लोक त्याचं सरबत करतात, माठात त्याची पुरचुंडी टाकतात, साबणातसुद्धा घालतात. मला तो वास सहन होत नाही. वीस वर्षं झाली, तरी होत नाही. शहराचं नाव बदललं, रस्त्यावर पूल आले, आणि माझ्या नाकाला काही समजावता आलं नाही.

या वर्षी प्राचीनं विषय काढला. प्राची ही माझ्या नणंदेची, शकूताईंची मुलगी. बँकेत आहे, तीन वर्षांपासून माझ्याकडेच राहते. सकाळी चहा पिताना म्हणाली, "मामी, यंदा एसी घ्यायचाच. हे घर आहे का भट्टी?"

"भट्टीची सवय आहे मला."

"तुझं वय झालंय आता."

"म्हणजे सवय पण जुनीच झाली ना."

ती हसली नाही. रविवारी माणूस येऊन जागा बघून जाईल, असं सांगून ती डबा घेऊन निघून गेली. मी कप विसळायला उठले आणि तिथंच, नळापाशी, उभी राहिले. घर उन्हाळ्यासाठी तयार करायचं! हे काम मी आयुष्यात एकदाच मनापासून केलंय, आणि इतकं मनापासून केलंय की पुन्हा तसं करायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षी थंडीत ह्यांचा अपघात झाला. हे चितेगावला एका कारखान्यात होते. संध्याकाळी स्कूटरवरून येताना पैठण रोडवर गाय आडवी आली. स्कूटरला ओरखडासुद्धा नव्हता, आणि ह्यांच्या मानेचा मणका गेला. खांद्याच्या खाली सगळं शांत झालं. दंड थोडे हलायचे, बोटं नाही. बोलणं, हसणं, चिडणं, टोमणे मारणं हे सगळं जसंच्या तसं शिल्लक होतं, आणि ते ज्या शरीरात होतं ते शरीर मात्र ह्यांचं म्हणणं ऐकेना.

दोन महिन्यांनी दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पाठीला जखम होऊ देऊ नका, कूस बदलत राहा, नळी अशी धुवा, हे सगळं नर्सनं शिकवलं होतंच. डॉक्टर म्हणाले, "एक गोष्ट नीट ऐका. ह्यांना आता खांद्याखाली घाम येणार नाही. शरीर स्वतःला थंड करू शकणार नाही. घर जेवढं तापेल, तेवढे हे तापतील. अंग गरम लागलं की लोक तापाची गोळी देतात. त्या गोळीनं हे उतरणार नाही."

"मग कशानं उतरेल?"

"घर थंड ठेवा," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिला उन्हाळा सांभाळा."

तो फेब्रुवारी होता. सकाळी अजून शाल लागत होती. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा पाठीवर कोवळं ऊन पडलं आणि मला त्याची चक्क भीती वाटली.

गारखेड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर स्लॅब. पुढची खोली मोठी, तिला पश्चिमेला एक रुंद खिडकी. घर बघायला आलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते, खिडकीतून सगळ्या खोलीभर पिवळा उजेड आला होता, आणि समोरच्या मोकळ्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. हे तिथंच उभे राहून दोन षटकं बघत बसले आणि म्हणाले, "घेऊ या." दलालाला काही बोलावंच लागलं नाही. पश्चिमेची खिडकी म्हणजे मे महिन्यात काय, हे मराठवाड्यात जन्मलेल्या आम्हा दोघांना कळू नये, याला काय म्हणावं! ह्यांचा पलंग त्याच खोलीत मावत होता. आतल्या खोलीत चाकाची खुर्ची वळत नव्हती.

शकूताई वेरूळच्या अलीकडे एका खेड्यात राहतात. ह्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, ह्यांना त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलं. होळीच्या आधी त्या टेंपो भरून तुराट्या घेऊन आल्या. तुरीचं पीक काढल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या, आमच्याकडे चुलीला नाहीतर कुडाला वापरतात. टेंपो गल्लीत वळला तेव्हा शेजारच्या गच्च्यांवरून माणसं बघायला लागली.

"ताई, हे कशाला?"

"स्लॅबवर आंथराया. दोन थर टाकू. गुरं बी सावलीला बांधतो आपण, अन् माझा दत्ता काय उन्हात ऱ्हाईल व्हय?"

आम्ही दोघींनी आधी स्लॅबला चुना मारला. तीन हात. चुन्यात डिंक घालून, झाडूनं ओढत ओढत. पायाला चुना लागून माझ्या टाचा फुटल्या. त्यावर तुराट्या, त्यावर गोणपाटं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून विटा. खालून कुणी तरी ओरडलं, "वहिनी, गोठा बांधताय का?" शकूताईंनी वरूनच उत्तर दिलं, "बांधते की, ये तू बी दावणीला!" खाली खोलीतून ह्यांचं हसणं ऐकू आलं. त्या घरात तीन महिन्यांनी हसण्याचा आवाज आला होता, म्हणून मला तो चुन्याचा दिवस इतका स्वच्छ आठवतो.

कूलर होताच. पण त्या काळात लाईट रोज सकाळी अकराला जायची, ती तीनला यायची. ऊन जेव्हा खरं पेटायचं, तेव्हाच कूलर मुका. म्हणून मी शहागंजात हमीदचाचांना शोधत गेले. बांबूच्या चौकटीत वाळा बांधून ताट्या करणारे तेवढेच एक राहिले होते. खिडकीला ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं, आणि पश्चिमेची लू त्या ओल्या मुळांतून गाळून थंड होऊन आत यायची. यात लाईटचं काही काम नाही. पूर्वी कचेऱ्यांमधून असायच्या, नंतर कूलर आले आणि चाचा खाटा विणायला लागले.

ते सायकलवर माप घ्यायला आले. पांढरी दाढी, डोळ्याला चष्मा, दोरीनं बांधलेला. खिडकीचं माप घेता घेता पलंगाकडे बघितलं. बरं नाही का, काय झालं, असलं काही विचारलं नाही. नुसते म्हणाले, "साहब, आपकू थंडक मिलेगी. मेरा जिम्मा." आणि मला म्हणाले, "बाई, पाणी मारते रैना. एक दफा सुकली ना, तर मग तीच भट्टी होते."

ताटी लागली त्या दिवशी खोलीत पहिल्यांदा अंधार झाला. हिरवट, ओला, मुळांचा वास असलेला अंधार. मी थर्मामीटर भिंतीला टांगलं होतं, ते बघितलं आणि मला रडू आलं. बाहेर आणि आत यांच्यात आठ अंशांचा फरक होता.

हे म्हणाले, "छान आहे. फक्त मैदान गेलं."

एप्रिल आणि मे मला दिवसांनी आठवत नाहीत, पाण्यानं आठवतात. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. ते आलं की घरातलं एकूण एक भांडं भरायचं. पिंप, घागरी, पातेली, परात, शेवटी शेवटी तर पोह्याचा डबासुद्धा. शकूताई उन्हाळाभर राहिल्या होत्या; आंघोळ आम्ही दोघी एका तांब्यात उरकायचो, कारण ताटीला पाणी लागायचं. दर वीस मिनिटांनी. मी शाळेत शिकवायची, तिथून रजा घेतली होती. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मी घड्याळाकडे बघत असायची. वीस मिनिटं झाली की गल्लीत जाऊन खिडकीवर पाणी. परत आत येऊन ह्यांच्या अंगावरची ओली चादर पिळून पुन्हा टाकायची. काखेत थर्मामीटर. शंभराच्या वर गेलं की मानेवर ओला टॉवेल, एकशे एकच्या वर गेलं की बर्फ. जेवायची मी उभ्यानं. मला कुणी काही विचारलं तर मी खेकसायची. शकूताईंवर, दूधवाल्यावर, देवावर सुद्धा.

एक दिवस ह्यांना ओल्या चादरीत गुंडाळून मी घाम पुसत बसले होते. माझा घाम. माझ्या कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून नुसत्या धारा लागल्या होत्या. हे बघत होते. कोपऱ्यात माठ होता, त्यालाही ओलं फडकं गुंडाळलेलं. हे म्हणाले, "सुमन, मी आणि तो माठ सारखेच दिसतो."

"मग बरंच आहे की. थंड राहाल."

"माठ पाझरतो गं, म्हणून गार होतो. मला तेवढंही येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा थोडा दे."

मी हसले. काय करणार! ओंजळभर घाम उसना देता आला असता तर मी दिला असता. सगळाच दिला असता.

मे महिन्याच्या शेवटी वारा पडला. चार दिवस एक पान हललं नाही. ताटीतून हवा येईना, खोली कोंदट झाली, आणि ह्यांचं अंग एकशे तीनवर गेलं. डोळे लाल, चेहरा लाल, कातडी कोरडी ठणठणीत. दोन दिवस शकूताई आणि मी आळीपाळीनं पंख्यानं वारा घालत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी हे म्हणाले, "ती ताटी काढ थोडा वेळ. बाहेर बघू दे."

"वेड लागलंय का? बाहेर आग आहे."

"पाच मिनिटं."

आणि मी ओरडले. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "जगायचंय की नाही तुम्हाला?"

हे ताटीकडे बघत म्हणाले, "जगायचंय ना. पण काही दिसलं पाहिजे की."

शकूताईंनी माझ्या हातातला पंखा काढून घेतला आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. "जा, पड जरा. तू बी मानूसच हाईस." मी फरशीवर पालथी पडले आणि फरशीसुद्धा गरम होती. त्या दिवशी मला खात्री वाटली की आपल्याच्यानं हे होणार नाही.

पण झालं. पाऊस आला. त्याच्याविषयी मला काही लिहायचं नाही. एवढंच सांगते की ज्या दिवशी थर्मामीटर सकाळ-दुपार-संध्याकाळ अठ्ठ्याण्णववर राहिलं, त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "पहिला उन्हाळा सांभाळला." ते म्हणाले, "शाब्बास." मला दहावीत पहिली आल्यावरसुद्धा कुणी इतकं मनापासून शाब्बास म्हटलं नव्हतं. शकूताई पेरणीला गावी गेल्या. मी शाळेत रुजू झाले. शेजारच्या मंगलताई दुपारी ह्यांना जेवू घालायच्या. घराला पुन्हा घराचा आकार येऊ लागला होता.

पावसानं स्लॅबवरचा चुना धुऊन नेला, हे मला दिसलं होतं. तुराट्या कुजल्या, त्या मी आणि मंगलताईंनी खाली ढकलून दिल्या. कूलरमधलं गवत काळं पडलं, ते काढून टाकलं. उन्हाळा संपला की असंच करतात. घरोघर असंच करतात.

आमच्याकडे नवरात्राच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरात जेवढं म्हणून कापड आहे, ते सगळं एकदा पाण्यातून काढायचं. गोधड्या, वाकळा, पडदे, उशांचे अभ्रे, पायपुसणीसुद्धा. भांडी घासायची, जाळी काढायची, कोपरा न् कोपरा धुवायचा, तेव्हा कुठं घट बसतात. मराठवाड्यातल्या बाईला तुम्ही वर्षभर काहीही म्हणा, पण तिनं दसरा काढला नाही असं म्हणू नका. मला तर त्या वर्षी दसऱ्याची भूक लागली होती. घरभर औषधाचा, स्पिरिटचा, ओल्या चादरींचा, आजारपणाचा वास मुरला होता. सगळं उकळत्या पाण्यात घालावं, दगडावर आपटावं, आणि ते वर्षच धुऊन टाकावं असं मला झालं होतं.

मी जाळी काढत असताना हे म्हणाले, "सगळं काढतेच आहेस, तर ती ताटी पण काढ आता."

मी झाडू हातात घेऊन उभी राहिले. ताटीवर धूळ बसली होती, मुळं गळायला लागली होती, एका कोपऱ्यात चिमणीनं काड्या आणून टाकल्या होत्या.

"सात महिने झाले," हे म्हणाले. "समोर कुणी इमारत बांधली असेल तरी मला कळायचं नाही."

मी ती काढली. खिळे एकेक करून उपटले आणि खोलीत उजेडाचा लोंढा आला. इमारत बांधलेली नव्हती. मैदान हिरवंगार होतं, पोरं खेळत होती, आणि ह्यांनी डोळे मिचकावत मिचकावत बघितलं आणि म्हणाले, "तो डावखुरा अजून तसाच आडवा खेळतो बघ." त्यांचं ते तोंड! तसा चेहरा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. कुणी मला त्या क्षणी थांबवलं असतं तरी मी थांबले नसते.

आणि नंतर एकानं थांबवलंही. ताटी दुरुस्तीला म्हणून मी रिक्षात घालून शहागंजात नेली, तेव्हा हमीदचाचांनी ती हातात घेतली नाही. आधी आकाशाकडे बघितलं. "इतक्यात कायकू उतारली, बाई? अजून गरमी यायची आहे. दिवाळी तलक रैने दो."

"पाऊस झाला की चाचा. आता कसली गरमी? दसरा काढायचाय."

"हौ, निकालो ना दसरा. पण ही राहू द्या."

"धूळ बसलीय हो हिच्यावर."

त्यांनी मान हलवली आणि ताटी भिंतीला टेकवून ठेवली. आपल्याला सगळं कळतं असं वाटायला माणसाला एक उन्हाळा पुरतो.

घट बसायला दोन दिवस होते. गोधड्या धुवायला शहरात पाणी कुठलं? दरवर्षी आम्ही त्या शकूताईंच्या विहिरीवर नेतो. ह्यांची आंघोळ, खाणंपिणं उरकलं, खिडकी सताड उघडी ठेवली, मंगलताईंना सांगितलं, आणि सकाळच्या गाडीनं मी गोधड्यांची दोन मोठी गाठोडी घेऊन निघाले. दोन वाजेपर्यंत परत येते, म्हणाले. हे म्हणाले, "आज रविवार आहे. समोर दिवसभर मॅचेस आहेत. तू निवांत ये."

विहिरीवर मोटार चालू होती, पाणी गार होतं. शकूताई आणि मी गुडघ्यापर्यंत ओल्या झालो. गोधडी ओली झाली की दोघींना उचलत नाही, मग आम्ही ती पायांनी तुडवली, दगडावर आपटली, दोन टोकांना धरून पिळली. पिळता पिळता माझा पाय घसरला आणि मी चिखलात बसले. शकूताई हसायला लागल्या, मग मीही. किती तरी दिवसांनी मी पोट धरून हसले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. बांधावर गोधड्या पसरल्या आणि शकूताई म्हणाल्या, "ऊन बघ कसं लई बेस पडलंय. घडीभरात वाळत्यात बघ."

मी त्या उन्हाकडे बघून खूश झाले. हे मला लिहायलाच हवं. मी खूश झाले.

साडेबाराची गाडी होती. गोधड्यांच्या कडा ओल्या होत्या. शकूताई म्हणाल्या, "भाकर खाऊन जा. तवर वाळत्यात. ओल्या नेल्यास तं वास मारत्यान." मी थांबले. गरम भाकरी, ठेचा, कांदा. हातावर पाणी पडल्यावर झाडाखाली मी चक्क पंधरा मिनिटं डोळे मिटून पडले. दोनच्या गाडीला गर्दी होती, खिडकीचा पत्रा हाताला चटका देत होता, आणि तेव्हा, दौलताबादचा घाट उतरताना, माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. तिथं मला कळलं. खिडकी सताड उघडी होती, आणि तिच्यावर ताटी नव्हती. मी उभी राहिले आणि कंडक्टरला म्हणाले, "गाडी जरा जोरात घ्या हो." गाडीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

घरी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. लाईट अकरालाच गेली होती, आणि त्या दिवशी तीनलाही आली नव्हती. ऊन खिडकीतून सरळ पलंगावर आलं होतं. हे खिडकीकडे तोंड करून पडले होते, डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली. ओठ हलले, शब्द नव्हता. कपाळाला हात लावला आणि तो मागे घेतला. गाठोडं दारात टाकलं होतं, त्यावर मघाशी माझा हात होता. त्या उन्हात वाळलेल्या गोधड्या आणि हे, दोन्ही सारखेच गरम लागत होते.

पिंपात पाणी होतं तेवढं मी ह्यांच्यावर ओतलं. मंगलताई धावत आल्या, रिक्षा आली, दवाखाना आला. संध्याकाळी सहाच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. तेच डॉक्टर. हे गेले होते.

मंगलताईंनी नंतर मला सांगितलं, आणि त्या ते सांगायला इतक्या घाबरत होत्या की महिना लावला. एक वाजता त्या ह्यांना जेवू घालायला गेल्या होत्या. दोन घास खाल्ले. त्या म्हणाल्या, "भाऊ, ऊन आत यायला लागेल आता, खिडकी लावू का?" हे म्हणाले, "नको, राहू द्या. शेवटच्या ओव्हरी चालल्यात." मग म्हणाले, "आता मी पडतो. तुम्ही जा."

ह्यांना कळत होतं का? अंग तापतंय हे खांद्याखाली त्यांना कळत नव्हतं. पण डोकं, कान, डोळे? ते तर त्यांचे होते. मे महिन्यात शंभर झालं तरी हे सांगायचे, "सुमन, कानशिलं तापली." त्या दिवशी मंगलताईंना का नाही सांगितलं? वीस वर्षं झाली, मी हे विचारणं सोडलेलं नाही. कधी वाटतं, ह्यांना कळलंच नाही. कधी वाटतं, कळलं आणि तरी खिडकी बंद करायची नव्हती. कोणतं उत्तर मला बरं वाटेल तेही मला ठाऊक नाही.

तेराव्याला शकूताई आणि मी भांडलो. लोक समजूत काढायला आले होते आणि आम्ही दोघी चूक कुणाची यावर भांडत होतो. "म्या थांबवलं तुला. म्या म्हनले भाकर खाऊन जा." "तुम्ही म्हणालात, पण थांबले मी." "ऊन बेस पडलंय, असं बी म्याच म्हनले." दोघींपैकी एकीलाही ती चूक दुसरीला द्यायची नव्हती. शेवटी शकूताई भिंतीवर डोकं आपटायला लागल्या आणि मी त्यांना धरलं. बाकीचे म्हणत होते, दसरा तर सगळेच काढतात, तुमची काय चूक! मला त्या लोकांचा राग आला होता. अजून येतो.

पुढच्या फाल्गुनात सायकलची घंटा वाजली. दारात हमीदचाचा, मागे कॅरियरवर नवा वाळा भरून बांधलेली ताटी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? "साहबकी ताटी," म्हणाले. "पक्की करून दिली, बाई." आत आले, भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघितला आणि चष्मा काढून तसेच उभे राहिले. मग जायला वळले. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "लावा चाचा."

त्यांनी लावली. बादलीभर पाणी मारलं. रिकाम्या पलंगावर तो हिरवट अंधार आला, तो वास आला, खोली हळूहळू गार व्हायला लागली. अगदी गार. ते गेल्यावर मी तिथं बसले, किती वेळ ते माहीत नाही. मग मी हातांनीच ते खिळे उपटले. त्यानंतर त्या खिडकीवर मी आजवर काही लावलेलं नाही. साधा पडदासुद्धा नाही.

प्राची म्हणते, त्या दिवशी वारा नसेल तर ताटी असूनही फरक पडला नसता. ती हिशेबी मुलगी आहे, माझ्या भल्यासाठीच बोलते. मला ते पटत नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही. जे झालं ते आपल्या हातानं झालं असं म्हणता येतं, तोवर ह्यांचं काही तरी माझ्या हातात आहे.

रविवारी एसीवाला येऊन गेला. टेप घेऊन सगळ्या भिंती मोजल्या आणि साहजिकच पश्चिमेच्या खिडकीपाशी थांबला. "मावशी, ही खिडकी प्लायवूडनं पॅक करून घेऊ. सगळी हीट इथूनच येते तुमच्या घरात."

"ती सोडून कुठंही लाव," मी म्हटलं. "आतल्या खोलीत लाव. प्राची झोपते तिथं."

"अन् तुम्ही?"

प्राची माझ्याकडे बघत होती. ती आईसारखी दिसते अशा वेळी. तिनं त्या माणसाला आतल्या खोलीत नेलं.

आता मैदानावर खरंच इमारत झाली आहे. चार मजली, पार्किंगसकट. खिडकीतून तिची निळी भिंत दिसते आणि वर आकाशाचा एक तुकडा. दुपारी ऊन अजूनही तसंच सरळ पलंगावर येतं. आतल्या खोलीत गार हवेचा आवाज सुरू होतो, प्राची हाक मारते, "मामी, ये ना इकडं." मी येते म्हणते आणि तिथंच बसून राहते, खिडकीकडे तोंड करून. घाम पहिल्यांदा कपाळावर येतो. मग मानेवर, मग पाठीवरून धार लागते, ब्लाऊज भिजतो. साठीतल्या बाईला इतका घाम येतो, कुणाला काय उपयोग त्याचा! "तुझा थोडा दे," हे म्हणाले होते. मी पदर मांडीवर तसाच ठेवते आणि पुसत नाही.